सीझन तिकीट पैसे वसूल, पण कपच्या मॅचला मैदान ओस: रग्बी लीगच्या एका हंगामाचा अनुभव

इंग्लंडमधल्या वेस्ट यॉर्कशायरमध्ये नव्याने राहायला आलेली मराठी मंडळी हमखास विचारतात, रग्बी लीगचं सीझन तिकीट घ्यावं का? घ्यावं. मी हंगामाच्या सुरुवातीपासून ते वापरतो आहे. सुपर लीग ही या खेळातली इथली सर्वोच्च साखळी स्पर्धा. तिच्या जवळपास सगळ्या होम मॅचेस पाहिल्या आणि पैसे पुरेपूर वसूल झाले. तक्रार आहे ती चॅलेंज कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेबद्दल, आणि हे लिहायला बसलो तेही त्यासाठीच. क्लबचं नाव देत नाही, कारण हा प्रश्न एकट्या त्या क्लबचा नाही.

आधी चांगलं सांगतो. तेरा-तेरा खेळाडू, चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन भाग, आणि चेंडू हातात असलेल्या संघाला सहा टॅकल (चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून खाली पाडणं म्हणजे टॅकल). सहाव्या टॅकलला चेंडू समोरच्याकडे. चढाईला आलेल्याला तिघांनी मिळून खाली आणणं म्हणजे काय, हे कबड्डी पाहत मोठं झालेल्या माणसाला समजावावं लागत नाही. आई उन्हाळ्यात आली होती, तिला पहिल्या अर्ध्या तासातच खेळ कळला. दोन्ही क्लबांचे लोक एकाच स्टँडमध्ये शेजारी बसतात, पोरंबाळं मोकळी फिरतात. जागा ठरलेली असल्यामुळे आजूबाजूची माणसं ओळखीची होतात. माझ्या उजवीकडे एक आजोबा बसतात. ते लहानपणी वडिलांबरोबर यायचे, आता नातीबरोबर येतात. कोणत्या खेळाडूचा खांदा दुखतोय हे त्यांना स्कोअरबोर्डच्या आधी कळलेलं असतं.

आता कप. सीझन तिकिटात तो येत नाही, वेगळं तिकीट काढावं लागतं. हे घेताना बारीक अक्षरात वाचलं होतं, पण त्याचा खरा अर्थ मैदानावर गेल्यावर कळला. त्या दिवशी एकच स्टँड उघडा होता. बाकीचे तीन बंद, दिवेसुद्धा अर्धेच. आमच्या रांगेकडे जाणाऱ्या जिन्यावर साखळी लावलेली. बसा कुठेही. नेहमीचे आजोबा नातीचा हात धरून दोन वेळा वर-खाली गेले, ओळखीचं कोणी दिसेना, शेवटी कोपऱ्यात जाऊन बसले. मैदानावरच्या खेळाडूंचं एकमेकांवर ओरडणं आम्हाला स्पष्ट ऐकू येत होतं. आमच्या संघाने सुंदर ट्राय केला (रेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवले), टाळ्या वाजल्या, आणि समोरच्या रिकाम्या खुर्च्यांवरून त्यांचा आवाज परत आला. मध्यंतरात मांस भरलेल्या पाय (pie) आणि वाटाण्यांची एकच खिडकी चालू, आणि तिथेही रांग नाही. लीगच्या मॅचला त्याच रांगेत अर्धं मध्यंतर जातं.

हीच ती स्पर्धा, जिची पहिली फायनल 1897 मध्ये लीड्सच्या हेडिंग्लीवर झाली. 1954 मध्ये वॉरिंग्टन आणि हॅलिफॅक्सची फायनल बरोबरीत सुटली आणि ब्रॅडफर्डच्या ओड्सल मैदानावर ती पुन्हा खेळवली, तेव्हा कागदोपत्री 1,02,569 लोक आले होते. तेही बुधवारी संध्याकाळी. 1980 मध्ये हल शहरातलेच दोन क्लब, हल केआर आणि हल एफसी, फायनलला लंडनच्या वेंब्लीवर भिडले, तेव्हा शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर पाटी लागली होती, शेवटच्या माणसाने दिवे बंद करावेत. 1985 च्या विगन-हल एफसी फायनलला 99,801 लोक होते. म्हणजे या भागातल्या माणसाला कप नकोसा झाला आहे, असं मला वाटत नाही. मग तो येत का नाही?

एक कारण सगळेच सांगतात आणि ते खरं आहे. 2025 पर्यंत सुपर लीगमध्ये बारा क्लब आणि सत्तावीस फेऱ्या होत्या. म्हणजे प्रत्येकाशी निदान दोनदा गाठ पडायची, काहींशी तीनदा. वर कपच्या सोडतीत (ड्रॉमध्ये) समोर येतो तोच शेजारचा क्लब. त्याच पंधरा दिवसांत पाहिलेली मॅच पुन्हा बघायला वेगळे पैसे कोण काढेल? त्यात कपच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत प्रशिक्षक मुख्य खेळाडूंना विश्रांती देतात. दुसरं म्हणजे तारखा. फायनल 2022 मध्ये मेमध्ये झाली, 2023 मध्ये ऑगस्टमध्ये, 2024 आणि 2025 मध्ये जूनमध्ये. वेंब्लीला जायचं तर इथून तीनशेएक किलोमीटर. ट्रेन, मुक्काम, मुलांच्या शाळा, सगळं जुळवावं लागतं. घराघरात ठरून गेलेला दिवस हलवला की सवय मोडते.

पण माझ्या मते मूळ दुखणं सीझन तिकिटातच आहे. जो माणूस वर्षभर येतो, त्यालाच कपच्या दिवशी क्लब परका करून टाकतो. बारकोड चालत नाही, जागा आपली नाही, शेजारी आपले नाहीत, आणि वर पुन्हा पैसे. काही मॅचेस बीबीसीवर फुकट दिसतात, मग माणूस घरीच थांबतो. आजोबांनी मला सरळ सांगितलं, "माझी खुर्ची असेल तर मी येतो."

क्लबच्या कार्यालयात याबद्दल बोललो. त्यांची अडचण खोटी नाही. लीगच्या होम मॅचचा गल्ला क्लबचा, पण कपच्या मॅचचा गल्ला दोन्ही क्लबांत वाटावा लागतो. कप सीझन तिकिटात फुकट घातला, तर आलेल्या प्रत्येक माणसामागे पाहुण्या क्लबला काहीतरी द्यावं लागणार. शिवाय होम ड्रॉ मिळेलच याची खात्री नाही, मग आधी पैसे घेणार कसे?

यावर तोडगा आहे. फुटबॉलमधले काही क्लब तो वर्षानुवर्षं वापरतात. सीझन तिकीट काढतानाच विचारायचं: कपची होम मॅच आली तर तुमच्या खात्यातून सवलतीची रक्कम वळती करू का? हो म्हणणाऱ्याची खुर्ची त्याची राहील, बारकोड तोच चालेल. मॅच आली नाही तर पैसे कापायचे नाहीत. पाहुण्या क्लबला त्याचा वाटा मिळतो, आणि ड्रॉ निघाल्या दिवशीच क्लबला कळतं की किमान किती माणसं येणार. मग तीन स्टँड बंद ठेवण्याची वेळ येणार नाही. सोळा वर्षांखालच्यांना मोठ्या माणसाबरोबर एक पौंडात सोडा. रिकामी खुर्ची काहीच कमावत नाही, पण त्या खुर्चीवर बसलेलं पोर पुढच्या वर्षी बापाला घेऊन येतं.

2025 मध्ये रग्बी लीगच्या संघटनेने कपबाबत एक चांगली गोष्ट केली. सुपर लीगचे क्लब तिसऱ्या फेरीत उतरले आणि त्यांना खालच्या स्तरावरच्या क्लबांकडे पाहुणे म्हणून धाडलं. यॉर्क एकॉर्न या हौशी क्लबच्या वाट्याला हल केआर आलं, लंडनच्या वेस्ट्स वॉरियर्सच्या वाट्याला लीड्स. निकाल काय लागणार हे ठाऊक असूनही लोक येतात, कारण आपल्या गल्लीतला पोरगा टीव्हीवरच्या खेळाडूला टॅकल करणार असतो. त्याच हल केआरने जूनमध्ये वेंब्लीवर वॉरिंग्टनला 8-6 ने हरवून कप जिंकला. ही पद्धत कायम राहावी आणि फायनलची तारीख एकदा ठरवून पाच वर्षं हलवू नये.

मी पुढच्या हंगामाचं तिकीट घेणार आहे. नव्याने घेणाऱ्यांनी क्लबला दोन गोष्टी आधीच विचाराव्यात: कपच्या मॅचला माझी जागा राखून ठेवाल का, आणि सीझन तिकीटधारकाला किती सवलत द्याल. नूतनीकरणाच्या फॉर्ममध्ये सूचनांचा रकाना असतो, त्यात वरची योजना मी पूर्ण लिहून दिली आहे. आजोबांनी त्यांच्याही फॉर्ममध्ये तेच लिहिलं. तुम्हीही लिहा. एकाच रांगेतून दहा फॉर्म गेले तर कार्यालयाला उत्तर द्यावंच लागेल.