आमच्या गावचं तळं: बांधाला पाचपैकी दोन स्टार, का ते सांगतो

मॅपवर आमच्या तळ्याला सगळ्यांनी पाच-पाच स्टार दिलेत, संध्याकाळी फोटो भारी येतात, सांडव्यावर भिजायला मजा येते, गाडी लावायला जागा आहे वगैरे, आणि ते खोटं नाही, तळं देखणंच आहे. पण माझं घर बांधाच्या खालच्या अंगाला, ओढ्यापासून दोनशे पावलांवर आहे, म्हणून मी स्टार देतोय ते बांधाला. फिरायला येणाऱ्यांनी वाचा आणि गावातल्यांनी तर वाचाच, जरा लांबलंय.

लातूर जिल्ह्यातलं गाव आमचं. 1972 च्या दुष्काळात हे काम निघालं, माझ्या आजीनं इथं सुकडी खाऊन डोक्यावर माती वाहिलीय. पूर्ण मातीचा बांध, लांबी साडेतीनशे मीटरच्या आसपास, उंची साडेनऊ मीटर असं जुन्या दगडावर कोरलंय, हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागतोय. एका टोकाला सांडवा, दरवाजे नाहीत, तळं भरलं की जास्तीचं पाणी आपोआप निघून जायचं. मधे व्हॉल्वची विहीर, तिच्यातून पाटाला पाणी सुटतं, म्हणजे सुटायचं.

मी मे महिन्यात एकदा गेलो, पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा आणि परवा एकदा. मेमध्ये माथ्यावर लांबीला भेगा होत्या, एकीत काठी घातली तर हातभर आत गेली. आपली काळी माती उन्हात फाटते आणि पाण्यात फुगते हे वावरात सगळ्यांना माहितीय, बांधात पण तेच होतं, फक्त तिथं भेग मिटायच्या आत तळं भरलं तर पाणी भेगेत शिरतं. आणि आपल्याकडं तळी हळूहळू भरतच नाहीत ना, एप्रिल 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं आणि सप्टेंबर 2021 ला लातूरला पाणी देणाऱ्या मांजरा धरणाचे सगळे अठरा दरवाजे उघडावे लागले. एक तर कोरडं ठाक नाहीतर दोन दिवसांत काठोकाठ, असं आमचं पाणी.

माथा लांबून सरळ दिसतो, पण ट्रॅक्टर जाऊन जाऊन चाकोऱ्या पडल्यात आणि विहिरीजवळ बांध खचलाय. डोळ्यानं नीट कळेना म्हणून शेजारच्या गवंड्याची लेव्हलची पाण्याची नळी आणली आणि आम्ही दोघं सांडव्याकडून टप्प्याटप्प्यानं मोजत आलो, तर तिथं माथा बाकीच्यापेक्षा वीतभर खाली भरला. वीतभरानं काय होतंय असं मला चार जणांनी विचारलं. होतं असं की पुराचं पाणी माथ्यापर्यंत चढलं तर ते आधी त्याच जागी ओलांडणार, माती धुऊन नेणार, खाच पडली की आणखी पाणी तिथंच धावणार, आणि मग मातीचा बांध फुटायला काही तास पुरतात. नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणी महालाचा बांध चारशे वर्षं अंगावरून पाणी घेतोय, पण तो दगडाचा आहे, मातीला ते झेपत नाही.

म्हणून सांडवा मोकळा पाहिजे, आणि मला सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा आलाय. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाला आडवी जाळी लावलीय, तिच्यात येड्या बाभळीच्या फांद्या, प्लास्टिक, जलपर्णी सगळं अडकून अर्ध्या सांडव्याची भिंतच झालीय. वर पाणीसाठा वाढावा म्हणून कुणीतरी उंबऱ्यावर मातीची पोती रचलीत. उन्हाळ्यात पाण्याचा जीव कसा तळमळतो ते मला पण माहितीय, ज्यांनी पोती टाकली त्यांची तहान खरी आहे, पण फूटभर पोती म्हणजे पुरासाठी राखलेली जागा फूटभर कमी, सांडव्याची लांबी-रुंदी पुराचा हिशोब करून काढलेली असते, आपण ती मनानं बदलू नये.

आता पाझर. खालच्या बाजूनं बांधाच्या पायथ्याला एका जागी बारा महिने हिरवं गवत असतं, तिथनं पाणी झिरपतं. मातीच्या बांधातून थोडं पाणी येतंच, त्याला घाबरायचं कारण नाही, बघायचं ते दोन गोष्टींकडं, पाणी गढूळ आहे का आणि पाझर वाढतोय का. मी काचेच्या बाटलीत पाणी भरून रात्रभर ठेवलं, सकाळी तळाला गाळ नव्हता, पाणी नितळ. मग चारीला पाईपचा तुकडा बसवून वीस लिटरची बादली लावली, पंचावन्न सेकंदात भरली, तेव्हा तळं अर्धं होतं, परवा तळं बारा आणे असताना बेचाळीस सेकंदात भरली. पाणी चढलं की पाझर वाढणारच, पण पाणी तेवढंच असताना बादली लवकर भरायला लागली किंवा बाटलीत गाळ बसायला लागला तर समजायचं की बांधाच्या पोटातून माती निघायलीय, आत बारीक बीळ तयार व्हायलंय, आणि तिथनं पुढं वेळ फार कमी असतो. हे काम पाचवीतलं लेकरू पण करू शकतं, बाटली, बादली, मोबाईलचं घड्याळ, बस.

झाडांचं वेगळं सांगायला नको, उतारावर बाभळी वाढल्यात, मुळं बांधात जातात आणि झाड वाळलं की मुळाच्या जागी पोकळी राहते, घुशींची बिळं आहेत, पाण्याकडच्या बाजूचं दगडाचं पिचिंग जागोजागी निघालंय, दगड कुठं गेले ते गावात सगळ्यांना माहितीय. व्हॉल्वची तर चकतीच फिरत नाही, गंजून जाम, म्हणजे उद्या धोका दिसला आणि तळं थोडं रिकामं करू म्हटलं तर करता येणार नाही. गाळ काढायची योजना चांगली, माझ्या वावरात पण हायवानं गाळ पडलाय आणि पीक सुधारलं, मी नाही म्हणत नाही, पण औंदा जेसीबी पार बांधाच्या पायाशी येऊन खोदत होता. बांधापासून लांब खोदा, पायाजवळचा थर उघडा पडला तर पाण्याला खालून वाट मिळते.

तर बांधाची तब्येत ही अशी, मधली म्हणू, दुरुस्त होण्यासारखी. पण धोका किती हा प्रश्न वेगळा आहे आणि लोक इथंच गल्लत करतात. तब्येत म्हणजे बांध कसा आहे, धोका म्हणजे फुटला तर खाली कोण आहे. अमेरिकेत प्रत्येक नोंदवलेल्या धरणाला धोक्याचा वेगळा शेरा असतो, कमी, मध्यम, जास्त, आणि धडधाकट धरणाला पण जास्त धोक्याचा शेरा मिळतो, खाली माणसं राहतात म्हणून. आपल्याकडं पण धरण सुरक्षा संघटना पाहणी करून त्रुटींचे तीन वर्ग करते, पहिल्या वर्गात धरण फुटू शकेल अशा त्रुटी, दुसऱ्यात लवकर दुरुस्ती लागणाऱ्या मोठ्या, तिसऱ्यात किरकोळ.

आमच्या बांधाखाली आजीच्या काळात नुसती ज्वारी होती. आता ओढ्याच्या काठानं प्लॉटिंग झालंय, साठेक घरं, अंगणवाडी, वीटभट्टीवरच्या मजुरांची पालं, एसटीचा पूल. बांध तोच आहे, धोका मात्र वाढलाय, आणि बांधाला हात न लावता वाढलाय. धरण छोटं आहे, काय होतंय, असं म्हणणाऱ्यांनी तिवरे आठवावं, चिपळूण तालुक्यातलं ते पण छोटं मातीचंच धरण होतं, 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या आसपास माणसं गेली. गळतीच्या तक्रारी गावानं आधी केलेल्या होत्या.

आता तो साडेनऊचा आकडा. 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना सरसकट लागू आहे, आणि 10 ते 15 मीटरमधल्या काहींना, म्हणजे बांध 500 मीटर लांब असेल किंवा साठा 10 लाख घनमीटर असेल अशा अटीत बसणाऱ्यांना. त्या धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी करावीच लागते, फुटलं तर काय करायचं याचा आराखडा करावा लागतो. आमचा बांध अर्ध्या मीटरनं बाहेर. म्हणून त्याला कायद्यानं कुणी शेरा देत नाही, आणि म्हणून हा शेरा मी लिहितोय. संबंधित कार्यालयात दोनदा अर्ज दिला, पहिल्यांदा हे तळं आमच्याकडं नाही म्हणाले, दुसऱ्यांदा पोच दिली, ती जपून ठेवलीय. एक साहेब मात्र बांधावर आले, उन्हात तासभर फिरले आणि बाभळी तोडायला निधी मागतो म्हणाले, त्यांचे आभार.

तोवर आम्ही आमचं ठरवलंय. रात्री जोराचा पाऊस असला की वस्तीतली दोन पोरं पाळीनं बांधावर चक्कर मारायलेत, पाझर गढूळ दिसला किंवा पाणी चढून त्या खचलेल्या जागेच्या हातभर खालपर्यंत आलं की मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून सांगायचं, पोलीस पाटलांना आणि 1077 ला, म्हणजे जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला, फोन लावायचा आणि सगळ्यांनी शाळेच्या टेकाडावर जायचं. म्हातारी माणसं कुणी उचलायची ते पण घरवार लिहून काढलंय.

फिरायला येणारांना एवढंच, या, फोटो काढा, पण गाड्या माथ्यावर नेऊ नका आणि सांडव्यात उतरू नका. पोळ्याला परत बादली लावणार आहे, आकडे इथंच टाकतो. सांडव्यावरची जाळी आणि पोती निघाली की त्याच दिवशी एक स्टार वाढवीन.