फणसाचे ओंडके आणि ५८ सीसीचा कटर: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरल्यानंतर

गेल्या दिवाळीनंतर ५८ सीसीचा, बावीस इंची बारचा पेट्रोल कटर, म्हणजे चेनसॉ, घेतला. बार म्हणजे ज्याच्या कडेने चेन फिरते ती लांब पट्टी. किंमत दहा हजारांच्या आत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतल्या बहुतेक मशीन एकाच साच्यातल्या असतात. कुणाचं प्लास्टिक केशरी, कुणाचं हिरवं. उन्हाळाभर बागेत वापरला, पावसाळ्यात पडझड काढायला वापरला, आणि फणसाच्या, आंब्याच्या फळ्याही त्याच्यावर पाडल्या. हे लिहितोय ते मुख्यतः त्या फळ्यांसाठी. झाड तोडायला कटर बरा की कुऱ्हाड, हा वाद आता कुणी घालत नाही. घरचं लाकूड घरच्या घरी चिरणं परवडतं का, हे मात्र बरेच जण विचारतात. माझं उत्तर असं: ओंडका रस्त्यापर्यंत येत असेल तर सरळ वखारीत टाका. येत नसेल तर कटर काढा.

आमची बाग राजापूर तालुक्यात, उतारावर. टेम्पो घरापाशी थांबतो, तिथून खाली जांभ्याचे बांध आणि पाखाडी (पायऱ्यांची वाट), तळाला वहाळ (ओढा). सव्वा फूट जाडीचा, आठ फूट लांबीचा ओला फणस पावणेतीनशे किलोच्या आसपास भरतो. तो चार गड्यांनी दोरखंड लावून वर काढायचा म्हटलं तर मजुरीतच लाकडाची किंमत निघून जाते, आणि बांध ढासळतो तो वेगळाच. त्याच ओंडक्याची एक इंची, फूटभर रुंदीची फळी अठरा-वीस किलोची होते. एक माणूस खांद्यावर टाकून पाखाडी चढतो.

२०२०च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने रायगडापासून मंडणगड-दापोलीपर्यंतच्या बागा आडव्या केल्या, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आमच्या दाराशी आलं. त्या दोन वर्षांत कटरवाला मिळता मिळत नव्हता आणि मिळाला तरी त्याला वाट मोकळी करायची घाई. फळीजोगं लाकूड दोन-दोन फुटांचे तुकडे होऊन जळणात गेलं. उरलेलं जागेवर पडून राहिलं, त्यात भिरूड (लाकूड पोखरणारा किडा) शिरला. मशीन घरात असावी हे तेव्हाच ठरलं होतं, घ्यायला एवढी वर्षं गेली.

आता मशीनबद्दल. सुरू व्हायला कुरकुर नाही: चोक ओढून दोन-तीन झटके, मग चोक आत करून एखादा. वजन बार-चेनसकट सात किलोच्या घरात जातं आणि दुपारनंतर ते जाणवतं. कंपन जास्त आहे. तासभर सलग चालवली की बोटांना मुंग्या येतात, म्हणून मी टाकी संपली की मशीन खाली ठेवतो. आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, तेव्हा कानावर मफ हवाच. कापसाचे बोळे घालून भागत नाही. चेन ब्रेक नीट काम करतो. ऑइलच्या टाकीचं झाकण पहिल्यापासून पाझरतं, म्हणून मशीन पोत्यावर ठेवावी लागते. मेच्या अखेरीस टाकीतली पेट्रोलची नळी कडक होऊन चिरली. वॉरंटी होती, पण दुकानदाराने "पेट्रोल तुमचं खराब" म्हणून हात झटकले. नळी शेवटी बाजारातून आणून स्वतःच बसवली, काम सोपं आहे. या मशीनचा एक फायदा मात्र मान्य करायला हवा: प्लग, कार्बोरेटर, स्टार्टरची दोरी, क्लच, सगळं तालुक्याच्या गावात स्वस्तात मिळतं.

पेट्रोलचा दोष अगदीच नव्हता असंही नाही. हल्ली पंपावर मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आमच्याकडे जुलैत मीठसुद्धा बरणीत पाणी सोडतं, तिथे अर्ध्या भरलेल्या टाकीचं काय होणार? पाणी पुरेसं शिरलं की इथेनॉल त्याच्यासकट पेट्रोलपासून सुटून तळाला बसतं. मग मशीन सुरू होते, भडकते आणि बंद पडते. त्यामुळे पेट्रोल-ऑइलचं मिश्रण लागेल तेवढंच करायचं, आठवड्यात संपेल इतकं. काम झालं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. ऑइलचं प्रमाण माझ्या मशीनच्या पुस्तकात २५ ला १ दिलंय, म्हणजे लिटरला ४० मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं ऑइल). नावाजलेल्या कंपन्या स्वतःच्या ऑइलबरोबर ५० ला १ सांगतात, लिटरला २० मिली. ते वाचून स्वस्त मशीनमध्ये साधं ऑइल घालताना हात आखडू नका, पिस्टन चिकटेल. फळ्या पाडताना तर इंजिन मिनिटांमागून मिनिटं पूर्ण रेसवर असतं.

बारच्या ऑइलला गाडीचं काढलेलं काळं ऑइल घालायची पद्धत सगळीकडे दिसते. त्यात धातूचा चुरा असतो, बारची खाच आणि ऑइलचा पंप दोन्ही खातो. मी नवीन फोर्टी नंबरचं इंजिन ऑइल घालतो. ऑइल येतंय का ते बघायला बारचं टोक एखाद्या पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर धरून रेस द्यायची. पुठ्ठ्यावर रेघ उमटली पाहिजे.

आणि धार. कटर घेणाऱ्याने मशीन निवडायला जेवढा वेळ घातला त्याच्या दुप्पट धार शिकण्यात घालावा. माझी चेन .३२५ पिचची (पिच म्हणजे कड्यांच्या अंतराचं माप), तिला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. कानस फक्त पुढे ढकलायची, मागे येताना उचलायची. प्रत्येक दात्याला दोन-तीन हात, सगळ्यांना सारखे. एका बाजूचे दाते लहान राहिले की काप एका अंगाला वळतो, आणि माणूस मशीनला शिव्या देत बसतो. दात्याच्या पुढचा उंचवटा दात्यापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवा. चार-पाच वेळा धार लावून झाली की तोही सपाट कानशीने उतरवायचा, नाहीतर दाता धारदार असून लाकडाला भिडतच नाही. आडवा काप घेताना भुसा पिठासारखा पडायला लागला की धार गेली. ढलपे पडले पाहिजेत.

आमच्याकडे धारेचा वैरी जांभा. उतारावर पडलेल्या झाडाच्या सालीत पावसाने उडवलेली लाल माती बसलेली असते, ती चेनला कानशीच्या उलट काम करते. काप जिथून जाणार त्या ओळीतली साल मी आधी कोयत्याने तासून काढतो. पाच मिनिटं जातात, पण एक धार वाचते. आणि खालच्या बाजूला चिऱ्याला चेन नुसती चाटून गेली तरी पुढचा अर्धा तास कानशीला द्यायचा, म्हणून ओंडक्याखाली नेहमी फाटे सरकवून घ्यावेत.

फळ्यांसाठी चेन वेगळी ठेवली. आडव्या कापाला दाते ३० अंशांवर घासतात. लांबीत चिरायला १० अंश ठेवले की फळीचा तोंडवळा बराच साफ येतो. दुसरीच्या एका कडीला लाल रंगाचा ठिपका दिलाय, म्हणजे घाईत अदलाबदल होत नाही. फळ्या पाडायला मिल लागते, म्हणजे बारला दोन ठिकाणी आवळायची एक चौकट. ती लाकडाच्या सपाट पाठीवरून सरकते आणि खाली बार ठरलेल्या जाडीवर चालतो. पण पहिल्या कापाला सपाट पाठ कुठून आणायची? शिडी वापरता येते. मी वेल्डरकडून दोन चौकोनी पाइप समांतर जोडून घेतले. ते ओंडक्यावर स्क्रूने पक्के करायचे आणि स्क्रू बारच्या वाटेत येत नाहीत हे दोनदा बघायचं.

उताराचा इथे फायदा होतो. ओंडका उताराच्या दिशेने थोडा कलता ठेवला की मशीन स्वतःच्या वजनाने पुढे जाते, रेटावं लागत नाही. खालच्या टोकाला दोन पहारी ठोकायच्या, बाजूंना पाचरी. काप दोन फूट पुढे गेला की मागे फटीतही पाचर द्यायची, नाहीतर वरची फळी बसते आणि बार अडकतो. आठ फुटांच्या फूटभर रुंद फणसाला दहा-पंधरा मिनिटं लागतात. टाकी दोन कापांना पुरते. काप संपला की मशीन लगेच बंद न करता अर्धा मिनिट हळू चालू ठेवायची, तापलेलं इंजिन निवतं. धूर थेट तोंडावर येतो, तेव्हा वाऱ्याची बाजू बघून उभं राहा.

बावीस इंची बारवर चौकट लावली की हातात सोळाएक इंचच राहतात. त्याहून जाड ओंडका असेल तर आधी उभा फाडून घ्यावा लागतो, आणि बार धाग्याला समांतर धरून फाडताना शेवयांसारखे लांब तंतू निघतात. ते क्लचच्या झाकणाखाली गच्च बसतात. दर थोड्या वेळाने काढा.

नुकसान कुठे होतं तेही बघा. कटरच्या एका कापात आठएक मिलिमीटर लाकूड भुसा होऊन जातं. चार कापांत एक इंचाहून जाड फळीच गेली म्हणायची. वखारीतल्या पट्ट्याच्या करवतीला दोन-तीन मिलिमीटर पुरतात. शिवाय तिथली फळी सरळ येते. माझ्या फळीला रंधा जास्त लागतो. सागासारख्या महाग लाकडाला हा हिशेब कधीच बसणार नाही.

फणस कापायला मऊ, पण चीक चेनला गोंदासारखा धरतो. रॉकेल आता सहज मिळत नाही, मी डिझेलमध्ये चेन बुडवून ठेवतो. ताजी फळी हळदीसारखी पिवळी दिसते, पुढे तांबूस-तपकिरी होते, आणि गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. रायवळ आंबा चिरायला त्याहून सोपा. मात्र त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. आंब्याला थांबणंही माहीत नाही: आठवड्या-दोन आठवड्यांत निळे-काळे डाग आणि किडा. पाडल्याबरोबर चिरून फळ्या बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात बुचकळून काढायच्या. नारळाचं खोड बाहेरून कडक, आत भुसभुशीत, आणि धार खाण्यात सगळ्यांत पुढे. ऐनाचा एक ओंडका घेतला होता, निम्म्यात सोडला. इंजिन तापून मलूल झालं. ऐनाला सत्तर सीसीच्या वरची मशीन हवी, तिथे ५८ची उगाच परीक्षा बघू नये.

फळ्या पडवीत चिऱ्यांवर रचल्यात, दर दीड-दोन फुटांवर एकाच रेषेत रिपा, टोकांना त्याच दिवशी ऑइलपेंट, वर वजन. एका इंचाला एक वर्ष हा ठोकताळा. पण मेपर्यंत वाळलेली फळी जून-जुलैत पुन्हा ओल धरते. गणपतीच्या आधी मेस्त्रींना बोलावून दाखवल्या. त्यांनी एकीला नख लावलं, दुसरी उचलून तोलली आणि म्हणाले, "भाऊ, आणखी एक उन्हाळा जाऊ दे, मग दाराचं बोलू." देव्हाऱ्याच्या पाटापुरत्या दोन तेवढ्या घेऊन गेले.

पडलेल्या झाडाबद्दल थोडं, कारण आमच्याकडे अपघात बहुतेक त्यातच होतात. मुळासकट उन्मळलेलं झाड बुंध्याशी कापलं की मुळांचा गड्डा झटक्यात परत खड्ड्यात बसू शकतो, त्याच्या मागे-पुढे माणूस, विशेषतः पोरं, नकोत. वाकलेल्या खोडाला आधी दबलेल्या अंगाने तिसरा हिस्सा कापायचा, मग ताणलेल्या अंगाने. उतारावर नेहमी वरच्या बाजूला उभं राहायचं. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग कशालाही लागू द्यायचा नाही. तिथेच मशीन उसळून तोंडाकडे येते. आणि तारेवर पडलेल्या फांदीला महावितरणचा माणूस येऊन लाइन बंद करेपर्यंत हात लावायचा नाही, कितीही उशीर होवो.

कागदांचं राहिलं. आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ, जांभूळ, खैर ही झाडं १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. जमीन स्वतःची असली तरी उभं झाड तोडायला परवानगी लागते. चिरलेलं लाकूड टेम्पोत घालून बाहेर न्यायचं तर वाहतूक पासाचा प्रश्न येतो. कुठल्या जातीला तो लागतो ते वन खात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात आधी विचारून घ्या. जाताना सातबारा बरोबर न्या, पहिली मागणी त्याचीच होते.