कॉन्फरन्स तीन, पासपोर्ट एक: म्युनिक, बॉस्टन की सिंगापूर?

मागच्या महिन्यात लॅबमधला एक ज्युनियर आला आणि म्हणाला, दादा, कॉन्फरन्सला दोन पेपर लागलेत, एक म्युनिकला, एक बॉस्टनला, वर सर म्हणतायत सिंगापूरला पोस्टर पण टाक, आणि हे सगळं तीन महिन्यांच्या आत, तर आधी कुठला व्हिसा काढू? मी विचारलं, पासपोर्ट किती आहेत तुझ्याकडे? तो हसला, पण गोची नेमकी तिथेच होते.

जर्मनीचं म्हणजे शेंगेनचं (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) घ्या. अर्ज भरला की पासपोर्ट व्हिसा सेंटरवर जमा, आणि निकाल लागेपर्यंत तिथेच. नियमाप्रमाणे 15 दिवस, पण फाईल अडकली तर 45 पर्यंत ताणू शकतात. अर्ज 6 महिने आधीपासून टाकता येतो, उशिरात उशिरा 15 दिवस आधी, आणि उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळवतानाच नाकी नऊ येतात, त्यामुळे पेपर लागल्या दिवशीच स्लॉट शोधायला बसा. फी 90 युरो, सेंटरचा चार्ज वेगळा, इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा, पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर 3 महिने चालणारा आणि दोन पानं कोरी. इंटरव्ह्यू सहसा होत नाही, सगळी मदार कागदांवर: बँक स्टेटमेंट, कॉलेजचं एनओसी, खर्च कोण करणार त्याचं पत्र, आयोजकांचं इन्व्हिटेशन.

या इन्व्हिटेशनमध्ये आपल्या मराठी लोकांची हमखास एक भानगड होते. पासपोर्टवर 'गिव्हन नेम' मध्ये आपलं नाव आणि वडिलांचं नाव जोडून असतं, आणि रजिस्ट्रेशन करताना आपण नुसतं नाव-आडनाव टाकतो, मग लेटर तसंच येतं. माझं पहिलं लेटर असंच आलं होतं, दुरुस्त करून घेईपर्यंत आठवडा गेला. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींचं तर पेपरवर एक, पासपोर्टवर दुसरं, त्यांनी दोन्ही नावं लिहिलेलं लेटर मागून घ्यावं.

अमेरिकेत याच्या उलट. तिथे लेटरला फारसं कोणी विचारत नाही, मुंबईला बीकेसीत अमेरिकन कॉन्सुलेटच्या खिडकीपाशी दोन-तीन मिनिटं उभं राहून तुम्ही काय बोलता त्यावर ठरतं. कशावर काम करतोस, पैसे कोण देतंय, परत येऊन काय करणार. हे तिन्ही सरळ दोन-दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे, पाठ केलेलं नको. डीएस-160 हा ऑनलाईन अर्ज भरा, 185 डॉलर भरा (रिजेक्ट झालं तरी परत नाहीत), आधी बायोमेट्रिक (बोटांचे ठसे आणि फोटो), मग इंटरव्ह्यू. खरी अडचण तारखेची, कधी कधी कॉन्फरन्स होऊन जाते तरी नंबर लागत नाही. रोबोटिक्स, सेमीकंडक्टर असल्या विषयांत असाल तर सीव्ही आणि पब्लिकेशनची यादी मागून फाईल आठवडेच्या आठवडे लटकू शकते, हेही धरून चाला. पण मिळाला तर बहुतेकांना 10 वर्षांचा मिळतो! शेंगेन पहिल्यांदा देतात तो बऱ्याचदा मोजून कॉन्फरन्सपुरता. फी बघून कुठला स्वस्त ते ठरवणाऱ्यांनी हा हिशोब पण करावा.

आणि पासपोर्ट? अमेरिकेसाठी तो इंटरव्ह्यूपर्यंत तुमच्याकडेच असतो, पण त्या दिवशी हातात लागतोच, आणि व्हिसा मंजूर झाला की ते ठेवून घेतात. म्हणजे शेंगेनसाठी जमा करून बसलात आणि मधेच बीकेसीची तारीख आली तर काय करणार? म्हणून आधी अमेरिकेची तारीख बघायची, तिच्या आधी 45 दिवस मोकळे असले तरच शेंगेन पुढे काढायचं, नाहीतर मागे ढकलायचं.

सिंगापूरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण त्रासच कमी. ई-व्हिसा, अधिकृत एजंटकडून, फी 30 सिंगापूर डॉलर अधिक एजंटचे पैसे, पासपोर्ट 6 महिने वैध. फक्त तुम्ही तिथे पोचायच्या तारखेआधी 30 दिवसांच्या आतच अर्ज घेतात, आधी घाई करून उपयोग नाही. तिथे पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत अरायव्हल कार्ड ऑनलाईन भरायचं, ते फुकट आहे, पैसे मागणारी साईट दिसली तर बंद करा.

म्युनिकला जाणाऱ्यांसाठी अजून एक: ऑक्टोबर 2025 पासून शेंगेनच्या बॉर्डरवर बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी सिस्टीम सुरू झालीय, पहिल्यांदा उतरताना रांग लांबते, तेव्हा दीड तासाचं कनेक्शन स्वस्त दिसलं तरी घेऊ नका.

माझं मत विचाराल तर अमेरिकेचा व्हिसा आधीच असेल तर बॉस्टन, डोकं लावूच नका. नसेल आणि हातात तीनच महिने असतील तर म्युनिक. सहा आठवडेच उरले असतील तर सिंगापूर.

ज्युनियरने म्युनिक आणि सिंगापूर धरलंय, बॉस्टनला को-ऑथर जाणार. काल त्याने म्युनिकचं लेटर पाठवलं, बघतो तर वडिलांचं नाव गायब.