हिप इम्प्लांटचा त्रास: समितीकडे जायचं की ग्राहक आयोगात?

मैत्रिणीच्या काकांचं असं झालंय, खुब्याचं ऑपरेशन करून कृत्रिम सांधा (हिप इम्प्लांट) बसवला आणि आता दुखणं जाईना, मग दाद मागायची कुठे हा घोळ.

जॉन्सन अँड जॉन्सनच्या डिप्यू कंपनीचा एएसआर सांधा असेल (2010 मध्ये जगभरातून परत मागवला तोच) तर त्यासाठी राज्यस्तरीय समित्या नेमल्या होत्या. तिथे रक्कम वय आणि अपंगत्वावरून सरकारी सूत्राने ठरायची होती, 2018 मध्ये ती 30 लाख ते 1.23 कोटी सांगितली होती. सदोष माल हे वेगळं सिद्ध करत बसावं लागत नाही, पण तोच सांधा बसवला होता याचे कागद हवेतच, आणि दुसऱ्या इम्प्लांटला हा रस्ताच नाही.

ग्राहक आयोगात कुठल्याही कंपनीचं इम्प्लांट चालतं, 2019 च्या कायद्यात सदोष उत्पादनाची जबाबदारी स्पष्ट लिहिलीय. बिल 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. पण दोष तुम्हालाच दाखवायचाय, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरचं मत लागतं, तारखा पडत राहतात आणि मुदत 2 वर्षांची, उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं.

म्हणून सांधा एएसआर असेल तर आधी समितीकडे विचारा. बाकी सगळ्यांनी आयोगच धरावा. आणि कृपा करून इम्प्लांटचं स्टिकर, डिस्चार्ज कार्ड आजच शोधून ठेवा, दोन्हीकडे पहिल्यांदा तेच मागतात.