फ्रॉम-टेक्स्ट की फ्रॉम-स्ट्रिंग? हास्ट ट्रीमध्ये मजकूर बसवताना

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीची साइट घ्या. सेक्रेटरी फॉर्मच्या टेक्स्टएरियात सूचना टाइप करतात. पहिली ओळ ‘बी विंगची टाकी साफ होणार’, दुसरी ‘गुरुवारी सकाळी १० ते दुपारी ४’, तिसरी ‘पाणी भरून ठेवा’. साइट रीहाइपवर (एचटीएमएलवर प्रक्रिया करणारं जावास्क्रिप्ट टूल) बनते, म्हणजे पान हास्ट ट्रीच्या रूपात (एचटीएमएलची नोड-नोड करून मांडलेली झाडासारखी रचना) हाताशी आहे आणि त्यातल्या एका पी नोडमध्ये, म्हणजे पॅरेग्राफमध्ये, हा मजकूर घालायचा आहे.

त्यासाठी दोन छोट्या लायब्ररी आहेत: हास्ट-यूटिल-फ्रॉम-टेक्स्ट आणि हास्ट-यूटिल-फ्रॉम-स्ट्रिंग. दोन्हींना नोड आणि मजकूर एवढंच द्यायचं. दोन्ही मूळ नोडच बदलतात आणि आतलं आधीचं सगळं पुसतात. पी मध्ये लिंक असेल तर तीही जाते.

फरक आहे तो ओळींचा. फ्रॉम-स्ट्रिंग ब्राउझरच्या टेक्स्टकंटेंट या प्रॉपर्टीसारखी वागते: सगळा मजकूर एका टेक्स्ट नोडमध्ये, न्यूलाइन (ओळ बदलणारं अदृश्य चिन्ह) जशीच्या तशी. ब्राउझर ती न्यूलाइन साध्या स्पेससारखी दाखवतो आणि तिन्ही ओळी एकापुढे एक येतात. फ्रॉम-टेक्स्ट ब्राउझरच्याच इनरटेक्स्ट या प्रॉपर्टीच्या वळणाची आहे, प्रत्येक न्यूलाइनच्या जागी बीआर एलिमेंट (ओळ तोडणारा एचटीएमएल टॅग) घालते. मात्र तिला एलिमेंट द्या. थेट टेक्स्ट नोड दिलात तर आत बीआर बसायला जागाच नसते.

‘न्यूलाइनवर स्प्लिट करून बीआर जोडला की झालं, लायब्ररी कशाला?’ असं वाटतं खरं. पण फॉर्म सबमिट होताना टेक्स्टएरियातल्या ओळी कॅरेज रिटर्न (ओळ संपल्याचं आणखी एक अदृश्य चिन्ह) आणि न्यूलाइन अशा जोडीने येतात. नुसत्या न्यूलाइनवर तोडलं की प्रत्येक ओळीच्या शेपटाला कॅरेज रिटर्न लटकतो. पानावर दिसत नाही, पण पुढे कुठे स्ट्रिंगची तुलना केली की फसतं. फ्रॉम-टेक्स्ट ती जोडी एकच ओळ-बदल धरते.

फ्रॉम-स्ट्रिंगवाल्यांचा दुसरा उपाय म्हणजे सीएसएसमध्ये व्हाइट-स्पेस: प्री-लाइन, त्याने न्यूलाइन पानावर नवी ओळ म्हणूनच दिसते. साइटपुरता तो चालतो. पण बिल्डमध्ये रीहाइप-मिनिफाय-व्हाइटस्पेस (जादा मोकळ्या जागा काढणारा प्लगइन) असेल तर त्याला तुमची स्टाइलशीट दिसत नाही, तो न्यूलाइनची स्पेस करून मोकळा होतो. तीच सूचना ईमेलने किंवा फीडमधून गेली तर सीएसएस पोहोचेलच असं नाही. बीआर पोहोचतो. म्हणून सूचना, पत्ता, कविता यांच्यासाठी आमचा कौल फ्रॉम-टेक्स्टला. एक पथ्य: आधी मजकूर ट्रिम करा, नाहीतर शेवटच्या रिकाम्या एंटरचेही बीआर होतात. मोकळी ओळ सोडली म्हणून नवा पॅरेग्राफ मिळत नाही, लागोपाठ दोन बीआर मिळतात. पॅरेग्राफ हवे असतील तर मोकळ्या ओळींवर तोडून प्रत्येक तुकड्याला वेगळा पी करा. टॅब देऊन जुळवलेलं टँकरचं वेळापत्रक मात्र बीआरनेही सावरत नाही. त्याला प्री (स्पेस आणि टॅब जसेच्या तसे दाखवणारा टॅग) किंवा सरळ टेबल.

टायटल आणि टेक्स्टएरिया या एलिमेंटमध्ये फ्रॉम-टेक्स्ट वापरू नका. तिथे ब्राउझर टॅग वाचत नाही, त्यामुळे टायटलमध्ये घातला तर ब्राउझर टॅबच्या नावात बीआर टॅग अक्षरशः छापलेला दिसतो. तिथे फ्रॉम-स्ट्रिंगच. मजकूर कायम एकाच ओळीचा असेल तर तीही नको, नोडच्या चिल्ड्रन यादीत एक टेक्स्ट नोड टाकला की काम होतं.

सुरक्षेत दोन्ही सारख्याच. कोणी सूचनेत स्क्रिप्ट टॅग लिहिला तरी तो मजकूरच राहतो, कारण स्ट्रिंगिफाय करताना, म्हणजे ट्रीचं परत एचटीएमएल बनवताना, कोनी कंस एस्केप होतो, टॅग म्हणून वाचला जात नाही. तोच मजकूर फ्रॉम-एचटीएमएल या लायब्ररीने एचटीएमएल म्हणून पार्स केलात तर सॅनिटाइझ करण्याची (धोकादायक टॅग काढून टाकण्याची) जबाबदारी तुमच्यावर येते.

नोडमधून मजकूर परत काढायला टू-टेक्स्ट आणि टू-स्ट्रिंग या उलट्या लायब्ररी आहेत, तिथे जोडी जुळवा. फ्रॉम-टेक्स्टने बसवलेलं टू-टेक्स्टने काढा, बीआरची पुन्हा न्यूलाइन होते. टू-स्ट्रिंग बीआरकडे बघतही नाही. दोन ओळींच्या हेडिंगमध्ये वर ‘घोडबंदर रोड’ आणि खाली ‘ठाणे’ असेल तर हाती ‘घोडबंदर रोडठाणे’ येतं. हेडिंगना आयडी देणारा रीहाइप-स्लग हा प्लगइन आतून टू-स्ट्रिंगच वापरतो, तेव्हा हेडिंगच्या आयडीतही हे दोन शब्द चिकटलेलेच निघतात.