मोठ्या एक्सेल फायलींसाठी संगणक: जास्त कोअर की वेगवान कोअर?

आधी अडतंय कुठे ते बघा. फाइल रीकॅल्क्युलेट होत असताना (सूत्रं पुन्हा मोजली जात असताना) टास्क मॅनेजर उघडा; संगणकाचा कोणता भाग किती राबतोय ते विंडोजच्या या खिडकीत दिसतं. १२ लॉजिकल प्रोसेसरच्या (एकाच वेळी १२ कामं हाताळू शकणाऱ्या) संगणकावर एकच थ्रेड, म्हणजे कामाचा एकच सलग धागा, पूर्ण राबत असेल, तर सीपीयूचा (प्रोसेसरचा) वापर बाराव्या हिश्श्याएवढा, जेमतेम ८ टक्के दिसतो. तो आकडा बघून प्रोसेसर रिकामा आहे असं वाटतं, आणि इथेच खरेदी चुकते.

एक्सेल २००७ पासून आकडेमोड अनेक कोअरवर (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणकांवर) वाटली जाते, पण एकमेकांवर अवलंबून नसलेल्या सूत्रांचीच. लाखभर ओळींचे स्वतंत्र व्हीलुकअप (तक्त्यातून जुळणारी नोंद शोधणारी सूत्रं) असतील तर ८ ऐवजी १२ कोअरचा फायदा दिसेल. चालू शिल्लक काढताना मात्र प्रत्येक ओळ वरच्या ओळीची वाट बघते; तिथे कोअर कितीही असोत, एकाचाच वेग कामी येतो. व्हीबीए मॅक्रो (एक्सेलमध्येच लिहिलेले छोटे प्रोग्रॅम) तर एकाच थ्रेडवर चालतात. म्हणून तेवढ्याच पैशात कमी पण वेगवान कोअर मिळत असतील, तर आमचं मत त्यांनाच.

रॅम १६ जीबी की ३२? टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ८५-९० टक्क्यांवर जात असेल, पॉवर क्वेरी (बाहेरचा डेटा आणून साफ करणारं एक्सेलमधलं साधन) वापरत असाल किंवा दोन-तीन मोठ्या फायली एकदम उघडत असाल, तर ३२ घ्या. एक्सएलएसएक्स (एक्सेलची नेहमीची फाइल) ही मुळात झिप केलेली, म्हणजे दाबून लहान केलेली फाइल. उघडली की डिस्कवरच्या आकाराच्या कित्येक पट मेमरी खाऊ शकते. पण त्याआधी फाइल, अकाउंट, अबाउट एक्सेल इथे जाऊन आवृत्ती पाहा. ३२-बिट एक्सेलला फार तर ४ जीबी वापरता येते, मग संगणकात ६४ जीबी असली तरी ‘मेमरी अपुरी’ हा संदेश येणारच. ६४-बिट आवृत्ती टाकली की काम होतं. मात्र जुने ३२-बिट अ‍ॅड-इन (एक्सेलला जोडलेले पूरक प्रोग्रॅम) तिच्यात चालत नाहीत, ते आधी तपासा.

हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आलात तर फरक लगेच जाणवेल. साटा एसएसडी आणि एनव्हीएमई (त्याहून वेगवान जोडणीची एसएसडी) यांत एवढ्या कामापुरता फारसा नाही, कारण फाइल एकदा रॅममध्ये आली की आकडेमोड डिस्ककडे बघतही नाही. ग्राफिक्स कार्डावर खर्च नकोच; सूत्रं त्यावर चालत नाहीत.

लॅपटॉप की डेस्कटॉप? पातळ लॅपटॉप पहिली काही सेकंदं जोरात चालतो, मग तापून वेग उतरवतो. दहा-दहा मिनिटांचे मॅक्रो रोज चालवणाऱ्याने डेस्कटॉपच घ्यावा. लॅपटॉपच हवा असेल तर रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे का ते विचारा. तशी असेल तर नंतर वाढवता येणार नाही, म्हणून ३२ जीबी सुरुवातीलाच घ्या.