दांव की बायरादा?

पोर्तुगालमध्ये पोर्तो ते लिस्बन प्रवासात वाईनसाठी दोन-तीन दिवस काढणाऱ्याला सगळे दुरो नदीचं खोरं सुचवतात. त्याच्या दक्षिणेला एकमेकांना लागून असलेले दोन प्रदेश मला त्याहून जास्त ओढ लावतात. समुद्राकडचा बायरादा आणि डोंगरांनी वेढलेला दांव. दोन्हीकडे निवांत जायला वेळ नसेल तर निवड करावी लागते, आणि ती द्राक्षावरून करावी.

बायरादाचं द्राक्ष म्हणजे बागा. आपल्याला या नावाने गोव्याचा किनारा आठवतो, पण पोर्तुगीजमध्ये बागा म्हणजे छोटं रसाळ फळ. मणी लहान, साल जाड, आणि पिकायला उशीर. अटलांटिकचा पाऊस नेमका सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, तेव्हा घड अजून वेलीवरच असतात. अवकाळीने मणी तडकले की काय होतं, हे नाशिकच्या बागायतदाराला सांगायला नको. पाऊस चुकवायला कच्चं तोडलं तर वाईनने तोंडाला तोठरा बसतो. चांगल्या वर्षी, चुनखडीच्या चिकणमातीतली नीट पिकलेली बागा मात्र वीस वर्षं सहज टिकते आणि मुरल्यावर सुंदर होते. हे जगाला पटवून देण्यात तिथले वाईन बनवणारे लुईस पातो यांचा वाटा मोठा आहे. नवी बाटली लगेच उघडणार असाल तर आधी दुसऱ्या भांड्यात ओतून तासभर हवा लागू द्या.

दांवची जमीन ग्रॅनाइटची. डोंगर समुद्राचा पाऊसही अडवतात आणि स्पेनकडचा उन्हाळाही. पाइनच्या रानात विखुरलेल्या मळ्यांत तांबड्या द्राक्षाची तोरिगा नासिओनाल ही जात पिकते. तिला फुलांचा वास असतो आणि तुरटपणा मऊ. सोबत आल्फ्रोशैरो आणि जाएन. पण मला विचाराल तर दांवची खरी श्रीमंती एन्क्रुझादो या पांढऱ्या द्राक्षात आहे. भरदार, तरीही ताजी वाईन. पाच-सहा वर्षांनी ती आणखी खुलते.

दोघांनीही सरकारी फटके खाल्ले आहेत. अठराव्या शतकात दुरोच्या गोड पोर्ट वाईनमध्ये बाहेरच्या वाईनची होणारी भेसळ थांबवायला पोर्तुगालचा तेव्हाचा मुख्य मंत्री मार्केस द पोंबाल याने बायरादातल्या वेली उपटायला लावल्या. अधिकृत प्रदेशाचा दर्जा मिळायला 1979 उजाडलं. दांवला तो 1908 मध्येच मिळाला होता, पण हुकूमशहा सालाझारच्या काळात द्राक्षं सहकारी संस्थांच्या हाती गेली आणि दर्जा घसरला. 1986 मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात आल्यानंतर ती मक्तेदारी मोडली.

जेवणाचाही विचार करा. बायरादातल्या मेआल्यादा गावी लोक जातात ते लेतांवसाठी, म्हणजे कुरकुरीत भाजलेल्या डुकराच्या पिल्लासाठी. गोव्याच्या ख्रिस्ती घरांतल्या मेजवानीत हा पदार्थ आजही असतो. सोबत इथलीच फेसाळ वाईन घ्या. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण्याची ही पद्धत इथे 1890 पासून आहे आणि चरबीवर तिच्यासारखा उतारा नाही. शाकाहारी माणसाने सरळ दांव गाठावा. तिथलं सेर्रा दा इश्त्रेला चीज मेंढीच्या दुधाचं असतं आणि ते काटेरी झुडपाच्या फुलांनी विरजतात, प्राण्याच्या पोटातून काढलेल्या रेनेटने नाही. नीट पिकलेलं चीज चमच्याने खाता येतं.

गाडी चालवणार नसाल तर बायरादा सोपा. मेआल्यादा लिस्बन-पोर्तो रेल्वेमार्गावरच आहे, कोइंब्राहून जवळ. दांवचं मुख्य शहर विझेऊ, तिथे रेल्वे नाही. बसने शहर गाठता येईल, पण मळे हिंडायला गाडी हवीच.

पहिल्यांदाच पोर्तुगीज वाईन चाखणाऱ्याला मी दांव सांगेन. दहा-पंधरा वर्षं बाटली जपून ठेवायची हौस असेल तर बायरादा. अजूनही ठरत नसेल तर दोन्हींच्या सीमेवर बुसाकोच्या जंगलात एक जुनं राजवाडा-हॉटेल आहे. त्याची स्वतःची तांबडी वाईन बायरादाची बागा आणि दांवची तोरिगा एकत्र करूनच बनते.